डावीकडून बांधलेला खलनायक

मार्च लागला की आमच्या नांदेडच्या कॉलनीतून एखादा तरी कुकर लातूरला जातो. कुकरामागून गादी, गादीमागून टेबलफॅन आणि सगळ्यात शेवटी तोंड पाडलेली एक मुलगी आणि पदर खोचलेली तिची आई. मे महिन्यात डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा असते. तोवरचे शेवटचे दोन-अडीच महिने लेकराला मेसचं खाऊ घालायचं नाही, असा इकडच्या आयांचा पण असतो. पोरगी पास होवो न होवो, पोळी घरची पाहिजे.

यंदा पाळी शेजारच्या सविताताईंची. काल दुपारी त्या आल्या तेव्हा मी अंगणातली लिंबाची पिवळी पानं झाडत होते. हा लिंब माझी परीक्षा बघायलाच मार्चमध्ये पानं गाळतो. सविताताई ओट्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुमी राहून आलात म्हणून विचारून राहिले. खोली कुठं बघावं? आमच्या वळखीचं एक माणूस न्हाई लातुरात. तुमचं हाय का कुणी तिथं?"

"थांबा," मी म्हणाले, "आधी कुकर काढते माळ्यावरून."

स्टूल घेतलं, वर चढले, कुकर ओढला. त्याच्यासोबत एक जाडजूड स्पायरलची वही घसरून अंगावर आली. पुठ्ठ्यावर प्रज्ञाच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या, अक्षरात लिहिलेलं: जीवशास्त्र, प्रकरण नऊ ते चौदा. आत जीवशास्त्राचं एक अक्षर नाही. आत आहे कानतुट्या. मी स्टुलावरच बसले आणि कुकर राहिला बाजूला.

तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मला लातुरात आमच्या घरमालकीण काकूंनी विचारला होता. खोलीत सामान टाकून नुकत्याच टेकलो होतो. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हितं कुणी हाय का वो तुमचं? नडी-अडीला?"

"कुणी न्हाई," मी म्हणाले.

प्रज्ञा मागं बादली घेऊन उभी होती. ती माझ्याकडं बघत राहिली. कारण माझा सख्खा थोरला भाऊ त्या खोलीपासून अर्ध्या तासाच्या चालण्यावर, रिंग रोडला, मोटारी भरायचं दुकान चालवत होता. शेतातल्या विहिरीवरची, बोअरची मोटार जळली की तिच्यातली तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. प्रज्ञाला हे माहीत होतं. मामाबद्दल तिला सगळंच माहीत होतं, मीच सांगितलेलं होतं ना!

दर रविवारी तिच्या डोक्याला तेल लावताना मी ती गोष्ट सांगायचे. अहमदपूरजवळच्या आमच्या गावातलं घर, बारावी झालेली मी, नांदेडच्या नर्सिंग कॉलेजातून माझ्या नावानं आलेलं बोलावण्याचं पत्र आणि ते पत्र लपवणारा दादा. तारीख उलटून दोन महिने झाल्यावर कोठीतली जवारी उपसताना ते माझ्याच हाताला लागलं. मग मी नर्स झाले नाही. पुढं धडपडून शिकले, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सहायक झाले, लग्न झालं, संसार झाला. दादाशी मात्र बोलणं तुटलं ते तुटलंच. आमची माय गेली तेव्हा लाकडं आली का, पाणी ठेवलं का, एवढंच बोललो. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

गोष्ट एवढीच. पण लहानपणी प्रज्ञा तेवढ्यावर सोडायची नाही. "मग मामा कसा हसला?" असं विचारायची. आता तो हसला कुठं होता? पण तेलाचा हात डोक्यावर, पोरगी मांडीशी, संध्याकाळपर्यंत मोकळा रविवार. मी त्याला एक हसू दिलं. पुढच्या रविवारी भुवया जाड केल्या. त्याच्या पुढच्या रविवारी तो दारात आडवा उभा राहिला. वर्षभरात दादा असा काही झाला की गल्लीत कुणी मोठ्यानं खाकरलं तरी प्रज्ञा विचारायची, "मामा?" मला गंमत वाटायची. खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

लातूरचे ते महिने मला आता आठवतात ते आधी आवाजाने. सकाळी साडेदहा वाजले की गल्लीतल्या पंधरा-वीस खोल्यांत एकदम कुकरच्या शिट्ट्या. कोण किती शिट्ट्यांत डाळ उतरवतं हे आम्हा आयांना एकमेकींच्या मार्कांसारखं पाठ. दुपारी रस्ता पांढराफटक, टँकरचा भोंगा वाजला की घागरींचा खणखणाट. आणि वास? वास झेरॉक्सचा. गल्लीच्या तोंडाशी सहा झेरॉक्सची दुकानं होती आणि दिवसभर नोट्सच्या नोट्स छापल्या जायच्या. गरम कागदाचा तो वास उन्हाच्या झळीबरोबर थेट स्वयंपाकात यायचा. मला तो आवडायचा. ग्रंथालयातली बाई, कागदाच्या वासाला भुलणारच.

प्रज्ञाची ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला अपयश आलं त्याचं खापर मी मोबाईलवर फोडलं होतं. ती त्यावर जपानी चित्रकथा वाचायची. मँगा म्हणतात त्याला. दर आठवड्याला एक भाग येतो, अशी गोष्ट वर्षानुवर्षं चालते. तिची आवडती कथा सात वर्षं चालू होती. मी मोबाईल काढून घेतला, बटनांचा साधा फोन दिला आणि स्वतःवर खूश झाले. पंधरा दिवसांनी तिच्या उशीखाली ही जीवशास्त्राची वही सापडली.

ती क्लासला गेलेली. मी म्हटलं, बघू तर खरं या पोरीला कशानं झपाटलंय. डाळ शिजायला टाकली आणि पहिलं पान उघडलं.

पहिल्याच पानावर एक माणूस होडीत बसून भात खात होता. एक कान तुटलेला. समोर एक मुलगी, तिच्या वाडग्यात तो आपला मासा वाढत होता. डोळे इतके निवांत काढलेले की मला तो लगेच आवडला. त्याचं जपानी नाव माझ्या जिभेला पेलेना, म्हणून मी त्याला कानतुट्या म्हणू लागले. पानं उलटत गेले. कथा एका पाण्यात अर्ध्या बुडालेल्या शहराची. कानतुट्या त्या मुलीला होडी वल्हवायला शिकवतो. मग मुलीशी त्याचं भांडण. मग तो एकटा. मग पाठमोरा, एका मोठ्या लोखंडी दाराचं चाक धरलेला, हात थरथरणारे. पुढं पुढं डोळ्यांतली बुबुळंच जातात, नुसते पांढरे खळगे उरतात. शेवटच्या पानावर तो ते दार उघडतो आणि खालची सगळी वस्ती पाण्यात जाते. वर तो दात विचकून हसतो.

माझी डाळ करपली.

प्रज्ञा आली तेव्हा रागवायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. मी म्हणाले, "अगं, किती चांगला माणूस होता! हळूहळू कसा बिघडत गेला बघ. माणसाचं असंच असतं. तुझ्या मामासारखं. तोही लहानपणी मला खांद्यावर घेऊन जत्रेत न्यायचा."

प्रज्ञा आधी माझ्याकडं, मग वहीकडं बघत राहिली. मग अशी हसत सुटली की भिंतीला टेकून खाली बसली. "आई! तू उलटं वाचलंस!"

झालं होतं ते असं. मँगा उजवीकडून डावीकडं वाचतात. त्याचं पहिलं पान आपल्या पुस्तकाच्या शेवटी असतं. प्रज्ञानं आणि तिच्या मैत्रिणीनं सात वर्षांच्या भागांतून फक्त कानतुट्याची पानं निवडली, छापली, मँगाच्या रीतीनं पहिलं पान तळाशी ठेवलं आणि गठ्ठा गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडं बांधायला टाकला. त्या बिचाऱ्यानं जन्मभर नोट्सच बांधलेल्या. त्यानं आपल्या रीतीनं डावीकडं भोकं पाडली, स्पायरल घातली, वर पुठ्ठा लावला. कानतुट्याचा शेवट झाला सुरुवात. आणि ग्रंथालयात इतकी वर्षं पुस्तकं बांधून घेणाऱ्या मला पत्ता लागला नाही.

"तो बिघडत गेला न्हाई, आई," प्रज्ञा डोळे पुसत म्हणाली. "तो सुधरत गेला. खरं तर सुधरला पण न्हाई. लेखकाला तो कळत गेला."

त्या दिवशी तिनं अभ्यास बाजूला ठेवला आणि मला शिकवायला बसली. मीही बसले. आम्ही दोघींनी वही मागून उघडली. सुरुवातीला कानतुट्याला नाव नव्हतं. दार उघडायचं, माणसं बुडवायची, आणि चार भागांत मरायचं, एवढंच त्याचं काम असावं. पण आठवड्याला एक भाग काढायचा म्हणजे लेखकालाही पुढचं सगळं ठाऊक असतंच असं नाही. वाचकांची पत्रं येतात, त्यांना कुणी आवडतं, कुणी नावडतं. हाताला एखादं तोंड काढायची सवय लागते. सारखा सारखा काढून काढून त्या माणसाच्या पापण्या, नखं, बसायची तऱ्हा, सगळं हाताला समजू लागतं. मग एक दिवस त्याच्या डोळ्यांत बुबुळं येतात.

"एकदम येतात?" मी विचारलं.

"न्हाई. आधी एकाच डोळ्यात. हे बघ." खरंच, एकाच डोळ्यात होतं.

तिला आळशी लेखकांचा फार राग. त्यांचा खलनायक मरायला टेकला की दोन पानं त्याच्या दुःखी बालपणाची, रडका चेहरा, संपलं. "ती फसवणूक हाय," ती म्हणाली. तिच्या मते खलनायक बदलतोय याची खरी खूण वेगळीच असते. त्याला जेवताना दाखवतात. वाईट माणूस कट करतो, ओरडतो, आरशात बघतो, पण जेवत नाही. लेखकानं त्याच्या हातात भाताचा वाडगा दिला की समजायचं, आता याला नुसतं मारून टाकणं त्याला जमणार नाही. हे ऐकून मी मनात मोजदाद केली. इतक्या रविवारांत मी दादाला एकदाही जेवायला बसवलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट तिनं दाखवली, ती मला फार लागली. दार उघडण्याचा प्रसंग वहीत दोनदा होता. एकदा पहिल्या वर्षातला, समोरून काढलेला, ते दात विचकणं. आणि सहाव्या वर्षातला, तोच प्रसंग पाठीमागून. तेच दार, तेच पाणी, तीच बुडणारी वस्ती. एकही माणूस वाचवलेला नाही. मी उलटं वाचताना वाटलं होतं, चित्रकार तेच ते काढतोय. प्रज्ञा म्हणाली, "जे छापून गेलं ते त्याला पुसता येत न्हाई, आई. लोकांनी वाचलेलं असतं. म्हणून तो फिरून मागच्या बाजूला जातो आणि तिथनं काढतो. हात दिसतात ते तिथनंच."

मग म्हणाली, "तू पत्राची गोष्ट पहिल्यांदा सांगितलीस तेव्हा मामा हसला नव्हता."

ती माझी वाचक होती, सुरुवातीपासूनची, आणि तिला एकेक भाग आठवत होता.

"आणि त्यानं पत्र फाडलं का न्हाई? चुलीत का न्हाई घातलं? कोठीत ठेवलं. जवारी उपसल्यावर सापडणारच की ते."

"लेकी, अभ्यास कर," मी म्हणाले.

एप्रिलच्या मध्याला आमच्या घराच्या बोअरची मोटार जळली. चार खोल्यांत आम्ही आठ जणी, परीक्षेला तीन आठवडे. पाणी बंद झालं. घरमालकीण काकूंनी चार ठिकाणी फोन लावले. हंगाम मोटारी जळण्याचाच, प्रत्येकाकडं रांग, जो तो आठ-दहा दिवसांपलीकडचं सांगे. आम्ही टँकरमागं घागरी घेऊन पळू लागलो. प्रज्ञा एका हातात घागर आणि दुसऱ्या हातात सूत्रांची चिठ्ठी घेऊन जिना चढायची. तीन दिवस तिनं एक शब्द काढला नाही. चौथ्या दिवशी घागर ठेवून एवढंच म्हणाली, "मामा."

मी चप्पल घातली. तिला वाटलं मी रागावून निघाले.

रिंग रोडला दादाचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. बाहेर जळक्या मोटारींचा ढीग, आत वार्निशचा उग्र वास आणि तांब्याच्या तारेची लाल चमक. तो पाठमोरा बसला होता. केस विरळ झालेले, मानेवर घामाच्या रेघा. हातानं चाक फिरवत तो साच्यावर तार गुंडाळत होता आणि पुटपुटत मोजत होता. मी उंबऱ्याशी उभी राहिले. दादा म्हणायला तोंड उघडेना. म्हणून म्हणाले, "जयभीम."

त्यानं मागं न बघता डावा हात वर केला. थांबा. वेढे मोजताना मधे बोललं की आकडा चुकतो, आकडा चुकला की मोटार पुन्हा जळते. मी थांबले. मला त्याचे हात दिसत होते. बोटं जाडी, नखांत वार्निश, आणि आमच्या बापाचा होता तसाच तिरपा अंगठा. हा अंगठा मी एकाही रविवारी सांगितला नव्हता. बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. साठाला तो थांबला, तार कापली, गाठ मारली आणि वळला.

त्यानं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "नंदे, उन्हाची कशाला आलीस? फोन करायचा."

"तुझा नंबर न्हाई माझ्यापाशी."

"हाव. ते बी खरंच." त्यानं स्टूल पुसून पुढं केलं. "लेकीला घेऊन आलीस म्हणून ऐकलं व्हतं. तिकडं कामाला आलो तवा दोनदा गल्लीपर्यंत येऊन गेलो. आत यायची हिंमत न्हाई झाली."

मी बोअरचं सांगितलं तशी त्यानं पोरगं पाठवून आमची जळकी मोटार मागवली आणि रांगेतल्या बाजूला ठेवून ती भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः घेऊन आला, बोअरमध्ये सोडली, बटन दाबलं. वरच्या टाकीत पाणी पडायचा आवाज आला आणि गॅलरीतून चारी मुलींनी टाळ्या वाजवल्या. दादा लाजला. माझ्या गोष्टीतल्या जाड भुवया कुठंच नव्हत्या. होत्या त्या विरळ, पिकलेल्या.

"हात धू, जेवून जा," मी म्हणाले.

भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. तो खाली मांडी घालून बसला. प्रज्ञा पुस्तक उघडं ठेवून त्याच्याकडंच बघत होती. अर्धी भाकरी झाल्यावर त्यानं मान वर न करता सांगितलं, "ते पत्र म्याच ठिवलं व्हतं. तुला म्हाईत हाय."

"फाडलं का न्हाई?" हे मी विचारलं की प्रज्ञानं, आता आठवत नाही. बहुधा मीच.

"हात झाला न्हाई. रोज म्हनायचो, उद्या देतो. बाप जाऊन चार महिने झाल्ते. माय दिवसभर बोलत न्हवती कुनाशी, तुझ्याशीच बोलायची. तू गेली आसती तर त्या घरात मी अन् ती." त्यानं भाकरीचा तुकडा चटणीत नुसता फिरवला. "भ्यालो. दुसरं काय न्हाई. तुझं वाटोळं केलं, ते खरंच हाय."

त्यानं बालपण काढलं नाही, रडला नाही, माफीसुद्धा मागितली नाही. तेवीस वर्षांचा एक पोरगा बापाविना घरात एकटं राहायला भ्याला, इतकंच. माझं पत्र गेलं ते गेलंच होतं. पांढरे कपडे घालून वॉर्डात फिरणारी मी कुठंच झाले नव्हते, आणि त्याचं दुःख त्या दुपारीही होतं, आजही आहे. पण समोर बसलेल्या माणसाचा मला राग करता येईना. आठवून बघितला, तरी येईना. मी त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

"बास की," तो म्हणाला.

"खा मुकाट्यानं," मी म्हणाले. प्रज्ञानं तोंडावर पुस्तक धरलं. ती हसत होती की दुसरं काही, ते मला दिसलं नाही.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावर मामाच घेऊन गेला, स्कूटरवर. उन्हात तीन तास तो फाटकासमोरच्या गुलमोहराखाली उभा होता आणि मी त्याच्याशेजारी. मधेच तो म्हणाला, "जत्रेत तू माझ्या खांद्यावर झोपायचीस," आणि मी म्हणाले, "हाव." प्रज्ञाला डॉक्टरकी काही मिळाली नाही. ती आता उदगीरला जनावरांची डॉक्टर होतेय आणि म्हशीबद्दल इतक्या कौतुकानं बोलते की मला तिचं अपयश कुठं होतं तेच आठवत नाही. कानतुट्याची कथा मागच्या वर्षी संपली म्हणे. शेवट तिनं मला सांगितला नाही. "वाच, पण उजवीकडनं," म्हणाली.

मी स्टुलावर बसून वही चाळत होते. मागून पुढं. बुबुळ नसलेल्या डोळ्यांपासून भाताच्या वाडग्यापर्यंत. बाहेरून सविताताईंचा आवाज आला, "वहिनी, सापडला का कुकर?"

मी कुकर पुसून त्यांच्या हातात दिला. शिट्टी जरा सैल आहे हे सांगितलं. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, बिचाऱ्या काळजीत होत्या, "मंग लातुरात कुणीच न्हाई म्हना की आपलं?"

"हाय की," मी म्हणाले. "माझा भाऊ हाय. रिंग रोडला मोटारी भरतो. खोली तोच बघून देईल, मी सांगते त्याला. फक्त एक करा. दुकानात गेल्यावर तो मोजत असला तर मधे बोलू नका. दारात उभं राहा. मोजून झालं की तो वळतो."